डब्यातलं कोरडं आभाळ

राजूरचे बबनराव मंडपवाले भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करत नाहीत. ते थेट विचारतात, "साहेब, येत्या अंगारकीला पाणी हाय का?"

मी हवामानाच्या संस्थेतून शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालो हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यामुळे पावसाचं वेळापत्रक माझ्या वरच्या खिशात असतं, अशी त्यांची समजूत. अंगारकीला राजूरच्या गणपतीला मोठी गर्दी उसळते आणि त्या गर्दीवर बबनरावांचे मंडप उभे राहतात, तेव्हा त्यांचा प्रश्न पोटाचा आहे. मी दर वेळी खरं सांगतो.

"बबनराव, मी ज्या पावसावर काम केलं तो राजूरला पडत न्हाई."

"मंग कुठं पडतो?"

"कुठंच पडत न्हाई."

यावर ते ज्या नजरेने माझ्याकडे बघतात, ती नजर मला नवी नाही. माझ्या सासऱ्यांचीही शेवटपर्यंत अशीच होती.

तर दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदाचं सांगून टाकतो, की सरकारने मला इतकी वर्षं पगार कशासाठी दिला. जमीन तापते, गरम दमट हवा वर चढते, तिचे ढग होतात, ते कोसळतात. या सगळ्या उलाढालीला आमच्यात संवहन म्हणतात. हे ढग संगणकात बारकाईने मोजायचे असतील तर सगळ्या पृथ्वीचे मोजता येत नाहीत, यंत्र दमतं. म्हणून आम्ही आभाळाचा एक तुकडा घेतो. त्याला आम्ही डबा म्हणायचो. डब्याच्या तळाशी समुद्र. त्या समुद्रावर दिवस उगवत नाही, मावळत नाही, बेट नाही, होडी नाही, मतदार नाही. असा समुद्र जगात कुठे आहे असं विचारू नका, आम्हीही कधी विचारलं नाही. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघत माणसं म्हातारी होतात, त्या जालना जिल्ह्यातला मी, आणि आयुष्यभर पाऊस पाडला तो असल्या समुद्रावर.

आता अडचण अशी की डबा एकटा नसतो. त्याच्या बाहेर उरलेलं जग आहे, तिथून हवा येते-जाते. ते अख्खं जग मोजायचं नाही म्हणून तर डबा घेतला. मग त्या जगाच्या जागी एक सोपा नियम ठेवायचा. असे नियम दोन प्रकारचे होते. पहिला म्हणतो, आपल्या उष्ण पट्ट्यात एका उंचीवर सगळीकडे तापमान जवळपास सारखंच असतं, तेव्हा डब्यातली हवा शेजाऱ्यांपेक्षा गरम झाली की तिला वर चढवा, थंड झाली की खाली उतरवा, आणि तापमान शेजाऱ्यांच्या बरोबरीने धरून ठेवा. दुसरा म्हणतो, एवढी घाई नको. डब्यातला फरक लाटांनी हळूहळू बाहेर पसरतो, विहिरीत दगड टाकल्यावर पसरतो तसा, त्या हिशोबाने हवा चढू-उतरू द्या. माझं काम या नियमांची परीक्षा घेण्याचं. डब्याला शेजारी म्हणून हुबेहूब त्याच्यासारखंच आभाळ दिलं, तर तो एकटा असताना जेवढा पाऊस पडत होता तेवढाच पडला पाहिजे. सोपी परीक्षा आहे. माणसं यातही नापास होतात, मग नियमांचं काय घेऊन बसलात.

पहिल्या नियमाची आमच्या संस्थेतली आवृत्ती मोठ्या साहेबांनी तरुणपणी तयार केली होती. मोठे साहेब म्हणजे संचालक. त्या आवृत्तीला संस्थेत साहेबांचंच नाव होतं, आणि ती परीक्षेत कधी नापास झाली नव्हती. तिची परीक्षा घेणाऱ्यांच्या बढत्याही साहेबांकडेच होत्या, हा निव्वळ योगायोग.

कोरोनाने सगळ्यांना घरी पिटाळलं तेव्हा मी आणि बायको केदारखेड्याला थोरल्या भावाकडे आलो. आम्ही त्याला दादा म्हणतो. मिरचीचं रान, चार म्हशी आणि कुठल्याही विषयावर मत, एवढी त्याची मालमत्ता. फोनला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे खाट टाकून, डोक्यावर पंचा घेऊन मी लॅपटॉपवर दूरच्या मोठ्या संगणकातले डबे चालवायचो.

दादा वर यायचा, पडद्यावरचे निळे-पांढरे पट्टे बघायचा. "हे काय करून राह्यला?"

"पाऊस पाडतोय."

"कुठं?"

"समुद्रावर."

"तिथं कमी हाय का पाणी?" तो म्हणायचा. "जरा आपल्या शिवारात वळव की. तेवढाच खर्चा वाचंल."

त्याच सुमारास माझ्या गटात सुषमा होती. ती वाटूरची. संस्थेत कंत्राटी संशोधक, दर वर्षी मुदतवाढीचा कागद साहेबांच्या सहीला जायचा आणि ती सही होईपर्यंत तिचा जीव टांगणीला. वडील लवकर गेले होते. आईने दुसऱ्यांच्या रानात मजुरी करून तिला पदार्थविज्ञान शिकवलं. धाकटा भाऊ गण्या संभाजीनगरला शिकत होता, त्याची खोली, खानावळ, घरातला किराणा, सगळं सुषमाच्या पगारावर. तीही टाळेबंदीत घरी, वाटूरला. म्हणजे त्या कल्पित समुद्राचं सगळं आभाळ तेव्हा जालना जिल्ह्यातल्या दोन गच्च्यांवरून चाललेलं होतं. इतिहासात याची नोंद व्हायला हवी होती, पण लाइट गेली.

आता विरजणाची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. डबा चालू करताना त्यात पहिल्या क्षणी हवा कशी होती हे सांगावं लागतं. किती गरम, किती दमट. ही सुरुवातीची फाइल कोणी स्वतः बनवत नसे. मागच्याची घ्यायची, त्याने त्याच्या मागच्याची घेतलेली असायची. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तशी ती फाइल संस्थेसंस्थेत फिरली होती, देशाबाहेरही गेली होती. आणि ती ओली होती, दमट हवेची. कारण ओल्यापासून सुरू केलं की डबा लवकर स्थिरावतो, यंत्राचा वेळ वाचतो. सगळ्यांनी एकाच विरजणाने दही लावलं आणि मग परिषदा भरवून एकमेकांना सांगितलं, की बघा, आपलं दही किती सारखं लागतंय.

सुषमाने एक दिवस फोनवर विचारलं, "सर, सगळे ओल्यापासूनच का सुरू करतात?"

"तशी पद्धत आहे."

"आपल्याकडं तर वर्ष कोरड्यापासून सुरू होतं."

"आपल्याकडे समुद्रही नाही," मी म्हणालो.

"एकदा कोरड्यापासून लावून बघते. बिघडलं तर बिघडलं."

मी हो म्हणालो. यंत्राचा वेळ जाईल म्हणून कुरकुर केली, पण हो म्हणालो.

तिने दोन्ही नियमांचे डबे लावले. तोच समुद्र, तेच शेजारी, तीच उष्णता. बदल एकच, सुरुवातीला हवा खडखडीत कोरडी. दुसऱ्या, लाटांच्या नियमाचा डबा काही काळ रुसून बसला, मग हळूहळू दमट झाला आणि नेहमीएवढा पाऊस पाडू लागला. साहेबांच्या नियमाचा डबा कोरडाच राहिला. आम्ही वाट पाहिली. मुदत वाढवली. पुन्हा वाढवली. ढगाचं नाव नाही.

सुषमाने कारण शोधून काढलं आणि ते इतकं साधं होतं की मला स्वतःचा राग आला. हवा कोरडी म्हणून ढग नाहीत. ढग नाहीत म्हणून डब्याला ऊब नाही, तो थंड होत जातो. नियम म्हणतो, थंड झाला ना, मग हवा खाली उतरवून तापमान शेजाऱ्यांइतकं करा. वरून उतरणारी हवा आणखी कोरडी. की पुन्हा पहिल्यापासून. ओल्यापासून सुरू केलेला डबा जन्मभर भिजत राहतो, कोरड्यापासून सुरू केलेला जन्मभर कोरडा, आणि नियम दोघांनाही म्हणतो की तुझं बरोबर चाललंय. आमच्या संस्थेत बढत्या कशा मिळतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा शास्त्रीय भाषेत समजलं.

मग ऑनलाइन बैठक झाली. साहेब पुण्याहून, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. बाकीचे चौकोनात. सुषमाने आलेख दाखवले. आवाज बंद असल्यासारखी शांतता पसरली, पण आवाज चालू होते.

"हे चुकलेलं आहे," साहेब म्हणाले. "फाइलमध्ये गडबड असणार."

"तीनदा तपासलं, सर."

"वातावरणाला आठवण नसते, सुषमा. कुठूनही सुरू करा, ते एकाच जागी येतं."

"खऱ्या वातावरणाचं मला सांगता येणार नाही, सर. या नियमाला आठवण आहे, असं दिसतंय."

साहेब हसले. साहेबांचं हसणं फार सुसंस्कृत होतं. "आणि मुळात ही सुरुवातच अवास्तव आहे. इतकं कोरडं आभाळ असतं तरी कुठे?"

मी मान वर केली. पावसाने तोंड फिरवून बरेच दिवस झाले होते, आणि केदारखेड्याच्या डोक्यावर त्या क्षणी धुतलेल्या परातीसारखं लखलखीत आभाळ होतं. खाली दादा मिरचीच्या रोपांना कळशीने पाणी घालत होता. वाटूरच्या चौकोनात सुषमानेही वर बघितलं. साहेबांच्या ज्ञानात भर घालण्याचा अधिकार आमच्या श्रेणीला नव्हता.

नंतर साहेबांनी मला एकट्याला फोन केला. अहवालात फक्त ओली सुरुवात ठेवावी. दोन्ही नियम उत्तम जुळतात, असा निष्कर्ष. कोरड्या डब्यांचा उल्लेख नको, उगाच गोंधळ होतो. सुषमाचं नाव लेखकांत राहील. आणि हो, तिच्या मुदतवाढीचा कागद टेबलावरच आहे, अहवाल आला की सही करून टाकू. धमकी अजिबात नव्हती. फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली होती.

हे फोनवर सांगायचं मला जिवावर आलं. प्रवासाची मोकळीक झाली तसा मी वाटूरला गेलो. फाट्यावरून आत वळलं की त्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याखाली स्टुलावर सुषमाचा लॅपटॉप. आईने चहा ठेवला. मी सुषमाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, साहेबांच्या दोन्ही वाक्यांसकट.

आई कपबशा घेऊन आली ती तिथेच टेकली. तिने अर्धंमुर्धं ऐकलं होतं. "सर, पोरीचं काही चुकलं का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"तिनं काढलंय ते बराबर हाय?"

"बराबर हाय."

"मंग?"

मी इतक्या परिषदांमध्ये प्रश्नांना तोंड दिलं, इंग्रजीत दिलं, पण त्या एका शब्दापुढे मी कप उचलला. चहा पिऊन टाकला. तोंड भाजलं.

सुषमा म्हणाली, "आई, हे न्हाई लिहिलं तर नोकरी राहती. लिहिलं तर जाती."

आई काही वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "गण्याच्या खोलीचं भाडं तेवढं बघावं लागंल," ती म्हणाली. मग उठून आत गेली. सुषमा माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, मी काढून न्हाई टाकत. तुम्ही तुमचं बघा." मला ती त्या वेळी फार मोठी वाटली आणि तिच्यासाठी भीतीही वाटली. दोन्ही एकदम वाटलं.

माझं बघायचं म्हणजे काय, तर गटप्रमुख म्हणून अहवालावर माझी सही लागत होती. मी सांगितलं, कोरड्या डब्यांशिवाय सही करणार नाही. ऐकायला बाणेदार वाटतं. पण निवृत्तीला काही महिनेच उरलेल्या माणसाच्या बाणेदारपणाला खर्च येत नाही, पेन्शन कोणी डब्यात घालत नाही. आमच्या शाखेत सगळ्यात धाडसी लोक नेहमी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच सापडतात.

अहवाल दुसऱ्याच कोणाच्या तरी सहीने गेला. दोन्ही नियम उत्तम जुळले. सुषमाची मुदतवाढ 'निधीअभावी' झाली नाही. निधी कुठे आटला ते मला माझ्या निरोपसमारंभात कळलं, कारण व्यासपीठावर दोन्ही बाजूंना मोगऱ्याचे खांब होते. साहेबांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माझ्या 'तत्त्वनिष्ठेचा' गौरव केला. नारळ नासका निघाला. हे मी रंगवून सांगत नाही, बायकोला विचारा.

सुषमा जालन्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे जेवढे तास शिकवायचं तेवढ्याच तासांचे पैसे, तेही सरकारला आठवण झाली तर. धाकट्या भावाने शिकता शिकता औषधाच्या दुकानात काम धरलं. मी अधूनमधून फोन करायचो. "कसं चाललंय?" "बराबर चाललंय, सर." यापुढे ती बोलायची नाही, आणि मलाही पुढे विचारवायचं नाही.

मग अशी गंमत झाली की परदेशात कोणीतरी कोरड्यापासून डबा सुरू केला. त्यांना कोरडा डबा सापडला, त्यांनी तो छापला आणि एकाच आभाळाची दोन उत्तरं हा एकदम प्रतिष्ठित विषय झाला. आमच्याकडे शोध परदेशातून आला की त्याला वास्तवाचा दर्जा मिळतो. साहेब आता निवृत्त होऊन व्याख्यानं देत होते. गेल्या हिवाळ्यात ते जालन्यात आले, नेमके सुषमाच्याच महाविद्यालयात. मलाही पहिल्या रांगेचं आमंत्रण होतं. सभागृहाची दुरुस्ती चालू होती म्हणून पटांगणात मंडप घातला होता, आणि मंडप घातला होता राजूरच्या बबनरावांनी. ते माझ्यामागे उभे राहून दोर तपासत होते.

साहेबांना पुष्पगुच्छ द्यायला प्राचार्यांनी सुषमालाच पुढे केलं. तासिकावाल्यांना अशी कामं तासाव्यतिरिक्त असतात. साहेबांनी गुच्छ घेतला, तिच्याकडे बघून सुसंस्कृत हसले. ओळखलं की नाही, कळलं नाही.

व्याख्यान छान झालं. पडद्यावर दोन डबे आले, एक ओला, एक कोरडा. "आमच्या संस्थेत आम्ही फार पूर्वीच जाणीवपूर्वक कोरड्यापासून सुरुवात करून पाहिली होती," साहेब म्हणाले. "माझ्या नियमाचं हेच तर वैशिष्ट्य आहे." परीक्षेत नापास झालेली गोष्ट वैशिष्ट्य म्हणून पास झालेली मी डोळ्यांनी पाहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठायच्या बेतात होतो.

तेवढ्यात प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागच्या रांगेतून सुषमा उभी राहिली. मला वाटलं, आता ही विचारणार, पहिल्यांदा कोणी पाहिलं म्हणून. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

तिने ते विचारलंच नाही. "सर, कोरडा डबा कोरडाच राहतो हे कळलं. पण त्याला किती ओल दिली की तो उलटतो? म्हणजे कुठपर्यंत ओल दिली तर पुन्हा वाळतो, आणि कुठून पुढे आपला आपण पाऊस पाडायला लागतो?"

साहेबांनी मान डोलावली. "उत्तम प्रश्न. हे अजून कोणी काढलेलं नाही. पुढच्या पिढीचं काम आहे."

"मी काढलंय, सर."

तिने थोडक्यात सांगितलं. मोठा संगणक नव्हता म्हणून आभाळाचा एकच उभा खांब घेतला, तो घरच्या लॅपटॉपवर चालतो. थोडी थोडी ओल वाढवत गेली. एक हद्द आहे, तिच्या अलीकडे सगळं पुन्हा वाळतं, पलीकडे डबा स्वतःच्या जोरावर उभा राहतो.

"वा, वा," साहेब म्हणाले. "मला मेल करा. आपण एकत्र काहीतरी करू."

"मेल न्हाई करत, सर," सुषमा म्हणाली. "लेख स्वीकारलाय एका शोधपत्रिकेनं. छापून आला की वाचा."

"अरे वा. कोणाबरोबर केलंत?"

"एकटीनं."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही तिने सांगितलं नव्हतं. क्षणभर ते लागलं, मग वाटलं, बरोबर केलं तिने. इतकी वर्षं कोरड्यातून तिची तीच उलटत होती आणि आम्ही फोनवर विचारत होतो, कसं चाललंय. मी टाळ्या वाजवायला लागलो. मग पोरं वाजवायला लागली, त्यांना विषय कळला नसावा, पण कोणी जिंकलं ते बरोबर कळलं होतं.

बबनराव माझ्या कानाशी वाकले. "साहेब, ही बाई कोण?"

"आमच्याच खात्यातली. पाण्याचं यापुढं हिला विचारत जा."

"हिला राजूरचं सांगता येतं?"

"न्हाई येत. पण येत नसलं तर येत न्हाई म्हणती."

बबनरावांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं, आणि दोराला आणखी एक गाठ मारली.